साखर तपासली, हिरड्या कोण पाहणार?

शुगरच्या तपासणीला आलेल्या बाईचे बोट टोचतात. वजन करतात, रक्तदाब पाहतात. दवाखाना जरा बरा असला तर तळपायाला टोचून बधिरपणा आला आहे का ते पाहतात आणि डोळ्यांची तपासणी करून घ्यायला सांगतात. तोंड मात्र कोणीही उघडायला सांगत नाही. "दात घासताना रक्त येते का?" आणि "दात हलतात का?" या दोन प्रश्नांना ना यंत्र लागते, ना पट्टी, ना पैसा. तरीही ते विचारले जात नाहीत.

मला या लेखात एकच गोष्ट मांडायची आहे. हिरड्यांचा आजार हा मधुमेही बाईच्या आजाराचाच एक भाग आहे. तो तिच्या उपचारातून वगळण्याला शास्त्रात कसलाही आधार नाही. आधार असलाच तर तो एका जुन्या समजुतीत आहे: गरीब बाईचे दात पडायचेच, त्यात काय पाहायचे!

उत्तर आणि पूर्व नागपूरच्या वस्त्यांत काम करताना चाळिशीतल्या कितीतरी बाया भेटतात, ज्यांचे पुढचे दोन-चार दात गेलेले असतात आणि उरलेले हलत असतात. कारण विचारले तर उत्तरे ठरलेली. "बाळंतपणात गेले." "वय झालं." "आमच्या घरातच पायरिया आहे." शुगरची गोळी रोज घेणारी बाईसुद्धा दातांचा आणि शुगरचा संबंध जोडत नाही, कारण तो तिला कोणी सांगितलेलाच नसतो. हसताना, बोलताना पदर तोंडावर जातो. लोकांना ती लाज वाटते. खरे कारण तोंडाला येणारा वास असतो. आपण सभेत "बायांनो, बोला" म्हणतो, तेव्हा काही जणींच्या गप्प राहण्यामागे हेही असते, हे आपण ध्यानात घेत नाही.

शास्त्र काय सांगते?

मधुमेहाने डोळे जातात, मूत्रपिंडे निकामी होतात, नसा बधिर होतात, हृदयाच्या आणि पायांच्या रक्तवाहिन्या बिघडतात, जखमा भरत नाहीत. हे पाच परिणाम सर्वमान्य होते. हॅराल्ड लोए या दंतशास्त्रज्ञाने १९९३ साली हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाचा सहावा परिणाम म्हटले. तेव्हापासूनच्या अभ्यासांतून हा संबंध दोन्ही बाजूंनी चालतो हे स्पष्ट होत गेले आहे. साखर ताब्यात नसेल तर हिरड्या लवकर सडतात. आणि हिरड्या सडत असतील तर साखर ताब्यात आणणे अवघड जाते.

हे कसे घडते ते आपण समजून घेतले पाहिजे, कारण समजले की मागणी करता येते.

दातांवर आणि हिरडीच्या कडेखाली किटण साचते. त्यात जंतू वाढतात. शरीर त्यांच्याशी लढते, म्हणून हिरडी लाल होते, सुजते, तिच्यातून रक्त येते. ही लढाई वर्षानुवर्षे चालली की हिरडी दातापासून सुटते, खाच पडते, आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजत जाते. दात हलू लागतो तो त्यामुळे. आजार बळावलेल्या बाईच्या सगळ्या दातांभोवतीच्या या खाचा उलगडून एकत्र मांडल्या, तर कित्येक चौरस सेंटिमीटरची उघडी जखम होईल. एवढी जखम पायावर असती, तर शुगरच्या डॉक्टरांनी तिला तातडीने मलमपट्टीला पाठवले असते. तोंडातली जखम दिसत नाही आणि बहुधा दुखतही नाही. त्या जखमेतून दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात जात राहतात, आणि त्यांच्यामुळे इन्सुलिनचे काम अडते.

आता चरबीकडे येऊ. आपल्या समजुतीप्रमाणे चरबी म्हणजे खाऊन साठवलेले ओझे, आळसाची खूण. शरीरशास्त्राने हे चित्र पुसून टाकले त्याला तीस वर्षे झाली. चरबीच्या पेशी दाह वाढवणारे टीएनएफ अल्फा हे द्रव्य तयार करतात आणि त्याचा इन्सुलिनच्या कामाशी संबंध आहे, हे १९९३ मध्ये पुढे आले. १९९४ मध्ये लेप्टिन हे चरबीतून स्रवणारे हार्मोन सापडले. ते मेंदूला भुकेचा आणि साठ्याचा हिशेब कळवते. पुढच्याच वर्षी अॅडिपोनेक्टिन सापडले. ते इन्सुलिनला मदत करते आणि दाह शमवते. २००१ मध्ये रेझिस्टिनची भर पडली. माणसात ते मुख्यतः दाहाच्या ठिकाणी जमणाऱ्या पांढऱ्या पेशींतून येते. चरबी म्हणजे गोदाम नव्हे. ती सतत निरोप पाठवणारे इंद्रिय आहे. पोटात आतड्यांभोवती चरबी साठत गेली की हे निरोप बिघडतात. लेप्टिन वाढते पण मेंदू ते ऐकेनासा होतो. मदतीला येणारे अॅडिपोनेक्टिन कमी होते. सगळ्या शरीरात धुमसता दाह राहतो.

हिरडी या शरीराबाहेर नाही. बंगळूरच्या सरकारी दंत महाविद्यालयातल्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की हिरड्यांचा आजार जसा वाढतो, तसे हिरडीच्या खाचेतल्या द्रवातले लेप्टिन कमी होते आणि रक्तातले वाढते. या साखळीतली प्रत्येक कडी अजून पक्की झालेली नाही, हे संशोधकही म्हणतात. पण दिशा स्पष्ट आहे: पोटावरची चरबी, रक्तातली साखर आणि हिरडीतला दाह हे तिघे एकमेकांना खतपाणी घालतात.

आणि याचा उपयोग काय, असे विचाराल तर त्याचेही उत्तर आहे. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये ३५ चाचण्या आणि ३,२४९ रुग्णांची माहिती तपासली. मधुमेहींच्या हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांनी त्यांची 'तीन महिन्यांची साखर', म्हणजे एचबीएवनसी, सरासरी ०.४३ ने उतरते, असा निष्कर्ष निघाला. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत २०१३ मध्ये असा फायदा दिसला नव्हता, हेही सांगायला हवे. पण सगळा पुरावा एकत्र मांडला की पारडे उपचाराच्या बाजूने झुकते. किटण काढणे हा साधा उपचार आहे. त्यासाठी नवे महागडे औषध लागत नाही. कदाचित म्हणूनच त्याची जाहिरात करायला कोणी पुढे येत नाही.

भाकर सुटते, भात उरतो

या चक्रात एक कडी अशी आहे जी प्रयोगशाळेत दिसत नाही, स्वयंपाकघरात दिसते. डॉक्टर सांगतात, ज्वारीची भाकर खा, कच्ची काकडी खा, मोड आलेले कडधान्य खा, भात कमी करा. ज्या बाईच्या दाढा हलतात तिने हे कशाने चावायचे? "भाकर चावत नाही ताई, भातच बरा वाटते," असे एक जण म्हणाली, तेव्हा बैठकीतल्या चार जणींनी मान डोलावली. भाकरीच्या जागी मऊ भात येतो, चहात बुडवलेला टोस्ट येतो, कामाच्या घरी मिळालेला पाव येतो. साखर वाढते. पुढच्या खेपेला कागदावरचा आकडा पाहून बाई रागावून घेते: "तुम्ही पथ्य पाळतच नाही!" पथ्य न पाळल्याचा गुन्हा तिच्या नावावर लागतो. तिला पथ्य चावता येत नाही, हे कुठल्याच कागदावर येत नाही.

दोष बाईचाच का?

मधुमेह म्हटला की 'खात्यापित्या घरचा आजार' असे अजूनही बोलले जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच अभ्यासाच्या २०१७ मधल्या अहवालात आणखी एक गोष्ट होती, तिच्यावर हवी तेवढी चर्चा झाली नाही. महाराष्ट्रासारख्या पुढारलेल्या राज्यांच्या शहरांत मधुमेह श्रीमंतांकडून गरिबांकडे सरकला आहे. म्हणजे आता तो आपल्या वस्तीतला आजार आहे.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, कंबरेचे माप घेतले गेले. बायांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरली तर देशातल्या सुमारे ४० टक्के स्त्रियांच्या पोटावर जास्त चरबी आढळली. पुरुषांत हे प्रमाण सुमारे १२ टक्के. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. कंबर सुटलेली आणि रक्त आटलेले, हे एकाच शरीरात कसे? स्वस्त पोट भरणारे सगळे अन्न पिठाचे आणि तेलाचे. डाळ, दूध, अंडी, फळे मुलांना आणि नवऱ्याला वाढून उरली तर. हे आपल्याला माहीत आहे. शास्त्राने ते आणखी मागे, आईच्या पोटापर्यंत नेले आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी किरकोळ. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. वरून बारीक, आतून चरबीदार. उपाशी, राबत्या आईच्या पोटी जन्मलेली ही मुलगी मोठेपणी बारीक दिसली तरी तिला मधुमेहाचा धोका राहतो. म्हणजे जिला आपण 'खाऊन सुटलेली' म्हणतो, तिच्या कंबरेवरची चरबी ही कित्येकदा तिच्या आईच्या उपासमारीची शिल्लक असते. त्याचा जाब मुलीला विचारायचा?

चळवळीलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. स्त्रीसंघटनांनी सडपातळपणाच्या सक्तीला विरोध केला. १९९६ मध्ये बंगळूरच्या विश्वसुंदरी स्पर्धेविरुद्ध बाया रस्त्यावर आल्या. बाईच्या देहाचे माप घेऊन तिची किंमत ठरवू देणार नाही, हे म्हणणे तेव्हाही बरोबर होते आणि आजही बरोबर आहे. पण या लढाईत चरबीविषयी बोलणेच आपण टाकून दिले. ते मैदान वजन उतरवण्याच्या दुकानांनी बळकावले. लाज न आणता, भीती न घालता आपल्या शरीरातल्या चरबीचे काम समजून घेणे हाही आपल्या शरीरावरच्या हक्काचाच भाग आहे. कंबरेचे माप नवऱ्यासाठी घ्यायचे नाही, स्पर्धेसाठी घ्यायचे नाही. स्वतःसाठी घ्यायला काय हरकत आहे?

गर्भाशयाच्या पलीकडची बाई

आपल्या विदर्भातूनच स्त्रियांच्या आरोग्याच्या प्रश्नाला एकदा मोठे वळण मिळाले आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. सरकारला बाई फक्त बाळंतपण आणि नसबंदीपुरती दिसते, हे त्या आकड्यांनी सिद्ध केले. 'सहन करणे' हा बाईचा स्वभाव नसून तिला कोणी न विचारल्याचा परिणाम आहे, हे आपण त्यातून शिकलो.

आज तीच गोष्ट तोंडाबाबत चालली आहे. गरोदर बाईची साखर तपासली जाते. ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेण्याची पद्धत सरकारी सूचनांत आहे. गरोदरपणातल्या हार्मोनमुळे हिरड्या सुजतात, हेही जुने ज्ञान आहे. गरोदरपणात जिची साखर वाढली तिला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. असे असूनही नऊ महिन्यांच्या तपासण्यांत तिच्या हिरड्या पाहिल्या जात नाहीत. आणि बाळंतपण आटोपले की तीही आरोग्य खात्याच्या नजरेतून जाते.

तिशी ओलांडलेल्यांच्या असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीत आशाताई घरोघर जातात, कंबर मोजतात, तंबाखूची सवय विचारतात, तोंडात न भरणारी जखम आहे का विचारतात. हे चांगलेच आहे. नागपुरात तोंडाच्या कर्करोगाचे भय खरे आहे. पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळणारा खर्रा आपल्याकडे पुरुषांपुरता राहिलेला नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, खर्रा मात्र सुखाने घोटला जातो. २०१६-१७ च्या तंबाखूविषयक पाहणीत महाराष्ट्रातल्या १७ टक्के स्त्रिया तंबाखू कोणत्या ना कोणत्या रूपात घेत होत्या. भूक मारायला, थकवा विसरायला, आणि दात दुखतो म्हणूनसुद्धा बाई खर्रा, मशेरी, गुडाखू लावते. जिथे ती पुडी धरते तिथली हिरडी उतरत जाते. पण या तपासणीत तोंड पाहिले जाते ते कर्करोगासाठी. ज्या आशाताईंनी आता तोंडात पाहिलेच आहे, त्यांना हिरड्यांचे दोन प्रश्न शिकवायला किती खर्च येणार?

विदर्भात या प्रश्नांना आणखी एक महत्त्व आहे. आपल्याकडे आदिवासी, बौद्ध आणि इतर काही समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे, आणि रक्तक्षय तर घरोघरी. अशा रक्तात एचबीएवनसीचा आकडा फसवू शकतो: सिकलसेलमध्ये तो खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो, लोहाच्या कमतरतेत जास्त. कागद म्हणतो 'ठीक आहे' आणि हिरडी म्हणते 'नाही', तेव्हा हिरडीचे ऐकून साखर पुन्हा, उपाशीपोटी आणि जेवणानंतर, तपासायला हवी.

"आधी पोटाचे पाहा, मग दातांचे"

असे म्हणणारे आपल्यातही आहेत. पण चावता येत नाही ती बाई पोटाचे काय पाहणार? दुसरा आक्षेप, "सरकारी दवाखान्यात दातांची सोय आहेच." आहे. नागपुरात १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे; विदर्भातल्या कितीतरी जिल्ह्यांच्या नशिबी तेही नाही. पण सोय असणे आणि बाई तिथवर पोचणे यात अंतर असते. मोलकरणीची एक सकाळ म्हणजे चार घरांची खाडी. शुगरच्या गोळ्यांसाठी एक खाडा आधीच झालेला असतो. दातांच्या रांगेसाठी दुसरा, परत बोलावले की तिसरा. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, पण भरपगारी आजारपणाची रजा आजही मालकिणीच्या मर्जीवर आहे. जन आरोग्य योजनांचे कार्ड दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या उपचारांना चालते. बसल्या बसल्या किटण काढून घ्यायला ते कामाचे नाही. दात वाचवण्याला पैसा नाही म्हणून शेवटी दात उपटला जातो, आणि उपटलेल्या दाताला उपचार म्हणतात.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात:

१. शुगरच्या प्रत्येक रुग्णाला वर्षातून एकदा हिरड्यांची तपासणी मिळावी आणि ती तिच्या शुगरच्या कार्डावर लिहिली जावी, जशी डोळ्यांची आणि पायांची लिहितात.

२. ज्या दिवशी शुगरची बाह्यरुग्ण तपासणी, त्याच दिवशी, त्याच इमारतीत दंतवैद्य बसावा. एका खाड्यात दोन्ही कामे व्हावीत.

३. दात हलतात म्हणून आलेल्या तिशीच्या पुढच्या प्रत्येकीची साखर दातांच्या विभागातच तपासावी.

४. गरोदरपणाच्या तपासणीत हिरड्या पाहाव्यात. ज्यांची साखर वाढली त्यांना बाळंतपणानंतरही बोलावत राहावे.

५. किटण काढणे आणि हिरड्यांचे उपचार सरकारी व मनपाच्या दवाखान्यांत मोफत व्हावेत.

६. आशाताईंना या कामाचे शिक्षण आणि त्याचे वेगळे मानधन मिळावे. नवे काम आणि जुनाच मोबदला हा व्यवहार आपण मान्य करू नये.

मागण्या मान्य होईपर्यंत गप्प बसण्याचे कारण नाही. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एक आरसा आणि एक टेप घेऊन बसा. हिरडी फिकट गुलाबी आहे की लाल, सुजकी? दाबले, घासले की रक्त येते का? दातांत नव्याने फटी पडल्या का? तोंडाला सतत वास येतो का? यातले काही असेल आणि साखर कधी तपासली नसेल, तर आधी ती तपासून घ्या. शुगर असेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा: "माझ्या हिरड्यांतून रक्त येते, चिठ्ठी द्या." गोळ्या बंद करू नका; हिरड्यांचा उपचार गोळ्यांच्या जोडीचा आहे, त्यांच्या जागी नाही. आणि "किटण काढले की दात हलतात" ही भीती एकमेकींच्या मनातून काढा. साचलेले किटण दातांना आधार देत आहे असे वाटते, एवढेच. ते निघाले आणि सूज उतरली की फट जाणवते. पण हाड झिजवत होते ते किटणच. रक्त येते म्हणून घासणे सोडणे तर सगळ्यात वाईट. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, रात्री झोपतानाही घासायचे. आणि घरात ब्रश प्रत्येकीचा वेगळा.

बाईने तोंड उघडावे, असे आपण गेली कित्येक वर्षे सांगत आलो. आता ते उघडल्यावर आत पाहण्याची जबाबदारी दवाखान्याची आहे. पुढच्या वेळी बोट टोचायला हात पुढे कराल, तेव्हा बोट देण्याआधी विचारा: "माझ्या हिरड्या कधी पाहणार?" एक बाई विचारील तेव्हा हसतील. एका वस्तीतल्या चाळीस जणी एकाच आठवड्यात विचारतील, तेव्हा दवाखान्याला उत्तर शोधावे लागेल.